फरक कोण फेडतो? : व्यावसायिक छायाचित्रणाच्या नीतीविषयी

मराठी सौंदर्यविचारात छायाचित्राला फारशी जागा मिळालेली नाही, आणि जी थोडी मिळाली ती ‘कलात्मक छायाचित्रणा’च्या वाट्याला गेली. पैसे घेऊन, सांगितल्याप्रमाणे, सांगितलेल्या दिवशी फोटो काढून देणारा तालुक्याच्या गावचा छायाचित्रकार या चर्चेच्या उंबऱ्याबाहेरच उभा राहिला. याचे कारण उघड आहे. रा. भा. पाटणकरांनी ‘सौंदर्यमीमांसा’ (१९७४) या ग्रंथात लौकिकतावाद आणि अलौकिकतावाद अशा दोन ध्रुवांच्या साहाय्याने कलाविचाराची मांडणी केली, आणि पुढची बरीच चर्चा या दोन ध्रुवांमधील ताणावरच झाली. मागणीवरून काढलेला फोटो हा इतका निखळ लौकिक व्यवहार की, त्याला या मांडणीत कोठे बसवावे असा प्रश्नच कोणाला पडला नाही. तो कला आहे असे मला येथे सिद्ध करावयाचे नाही. तो वाद मला तितकासा फलदायी वाटत नाही. मात्र या लौकिक व्यवहारात एक नैतिक पेच दडलेला आहे, आणि तो साहित्यव्यवहाराच्याही बराच जवळचा आहे, असे मला वाटते.

विवेचन हवेत राहू नये म्हणून एक गाव डोळ्यांसमोर ठेवतो. वाळवा तालुक्याचे मुख्य ठिकाण असलेले इस्लामपूर पूर्वी सातारा जिल्ह्यात होते. १९४९ साली दक्षिण सातारा हा वेगळा जिल्हा झाला आणि १९६० साली त्याचे नाव सांगली पडले. खुद्द गावाचे ईश्वरपूर असे नामांतर राज्य सरकारने २०२५ साली जाहीर केले. येथे जुनेच नाव वापरतो, कारण ज्या काळातील फोटोंविषयी मी प्रामुख्याने बोलणार आहे त्यांच्या पाठीवरील स्टुडिओच्या शिक्क्यात तेच नाव आहे. उसाचा, सहकारी साखर कारखान्यांचा, पतसंस्थांचा आणि महाविद्यालयांचा हा मुलूख. अशा गावातील छायाचित्रकाराचे वर्ष कशाने भरते? परीक्षेच्या अर्जाचे फोटो, लग्नासाठी मुलगी दाखवायचे फोटो, प्रत्यक्ष लग्ने, बारशी, सोसायटीच्या वार्षिक सभा, निवृत्तीचे निरोपसमारंभ आणि गेलेल्या माणसाचा हार घालण्याजोगा मोठा फोटो. माणसाच्या आयुष्यातील जवळजवळ प्रत्येक वळणावर हा गृहस्थ हजर असतो, आणि ग्रामचरित्रात त्याचा उल्लेख मात्र सहसा नसतो.

मराठी भाषेने या व्यवहारातील एक गोष्ट फार अचूक टिपली आहे. ‘काल मी फोटो काढला’ हे वाक्य आपण दोन्ही अर्थांनी वापरतो. कॅमेरा हाती धरणाराही फोटो काढतो आणि कॅमेऱ्यासमोर बसणाराही फोटो काढतो. ‘पोरीचे फोटो काढायला इस्लामपूरला गेलो होतो’ असे एखादा शेतकरी म्हणतो तेव्हा तिसरा कर्ताही निघतो : पैसे देणारा. तिघेही ‘काढतात’. व्याकरणाचा कोणी आग्रही याला शैथिल्य म्हणेल. मला त्यात एक समज दिसते. फोटो हे एका माणसाचे कर्तृत्व नव्हे, बसणाऱ्याने आपला चेहरा दिल्याशिवाय ते घडत नाही, हे बोलीने गृहीत धरलेले आहे.

कायद्याने मात्र तसे धरलेले नाही. ब्रिटिशांच्या १९११ च्या कायद्यात, जो येथेही लागू झाला, निगेटिव्हचा मालक तोच फोटोचा कर्ता मानला जाई. १९५७ च्या भारतीय प्रताधिकार कायद्याने फोटो घेणाऱ्याला कर्ता ठरवले. पण कोणाच्या सांगण्यावरून, मोबदला घेऊन फोटो काढला असेल आणि वेगळा करार नसेल, तर प्रताधिकाराचा पहिला मालक तो सांगणारा, अशी तरतूद सतराव्या कलमात केली. म्हणजे घेणाऱ्याला नाव आहे, पैसे देणाऱ्याला नाव आहे. ज्याचा चेहरा आहे त्याला या कलमात नाव नाही. २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने खासगीपणाचा हक्क मूलभूत ठरवला तेव्हा त्याला कायद्यात पाय टेकण्यापुरती जागा झाली, इतकेच. आणि व्यावसायिक छायाचित्रणाचा सारा नैतिक पेच, माझ्या मते, याच अनाम तिसऱ्याभोवती आहे. पैसे देणारा आणि चित्रात असणारा हे फार वेळा एक नसतात. बाप पैसे देतो, मुलगी बसते. मुलगा पैसे देतो, मेलेली आई भिंतीवर लागते. संस्था पैसे देते, शिपाई शेवटच्या रांगेत उभा राहतो.

मुलीच्या फोटोचे उदाहरण घेऊ. लग्नाच्या जाहिरातींनी मराठीत कातडीच्या रंगाची एक उतरंडच तयार केली आहे : गोरी, निमगोरी, गहूवर्णी, सावळी. दाखवायच्या फोटोत मुलगी या उतरंडीवर निदान एक पायरी वर चढावी, अशी अपेक्षा गिऱ्हाइकाकडून सहसा न बोलता केली जाते. ती पुरी करण्याची विद्या संगणकाच्या पुष्कळ आधीची आहे. मोठ्या आकाराच्या निगेटिव्हवर एक पातळ द्रव चोळून घ्यायचा, म्हणजे गुळगुळीत पृष्ठावर शिसे धरते, आणि मग टोकदार पेन्सिलीने चेहऱ्यावरचे डाग, सुरकुत्या, डोळ्यांखालची काळी वर्तुळे भरत जायचे. निगेटिव्हमध्ये सर्व उलटे असते. तेथे जितके काळे करावे तितके कागदावर गोरे उमटते. उलट एखादी रेषा ठळक हवी असेल तर बारीक पात्याने निगेटिव्ह खरवडायची. तेथून अधिक प्रकाश जातो आणि कागदावर काळे येते. शिवाय छापताना प्रकाश थोडा कमी दिला की सगळाच चेहरा उजळतो. या कामाला ‘टचिंग’ म्हणत, आणि ज्याचा हात टचिंगला चांगला त्याचा स्टुडिओ लग्नसराईत भरलेला असे. पुढे पस्तीस मिलिमीटरची फिल्म सार्वत्रिक झाली. तिच्या नखाएवढ्या चेहऱ्यावर पेन्सिल चालेना, आणि टचिंगला काही वर्षे उतरती कळा आली. संगणकाने ते पुन्हा, आणि पूर्वीपेक्षा शतपट, परत आणले.

या भागातील एका जुन्या छायाचित्रकाराशी मी याविषयी बोललो होतो. त्यांचे म्हणणे सरळ होते : “सर, बाप समोर बसलेला असतोय, पोरगी शेजारी. बाप म्हणतोय जरा उजळ येऊ द्या. मी न्हाई म्हटलं तर तो पलीकडच्या दुकानात जातोय. आणि पोरगीबी काय म्हणत न्हाई.” यांतील शेवटच्या तीन वाक्यांत व्यवसायाच्या नीतीचे बहुतेक सारे युक्तिवाद आले आहेत : गिऱ्हाइकाची इच्छा, स्पर्धेची सक्ती, आणि चित्रातील माणसाचे मौन म्हणजेच संमती. मला तिसरे वाक्य सर्वांत महत्त्वाचे वाटते. पोरगी काही म्हणत नाही, हे खरे. पण तिला कोणी विचारलेलेही नसते.

येथे पहिला सुचणारा आक्षेप सत्याचा असतो : फोटो खरा असावा, टचिंग म्हणजे खोटेपणा. साहित्यात वास्तववादाविषयी जे भाबडेपण आपण केव्हाच मागे टाकले, ते फोटोच्या बाबतीत मात्र सुशिक्षित माणसेही सहज बाळगतात. कॅमेरा ‘जसे आहे तसे’ काही देत नाही. भिंग, प्रकाश, बसण्याची ढब, मागचा रंगवलेला पडदा, हे सर्व निवडलेले असते. इतकेच नव्हे, फिल्म स्वतःच पक्षपाती होती. कोडॅक कंपनी रंगछपाईच्या मोजमापासाठी प्रयोगशाळांना जी नमुनापत्रे पाठवत असे, त्यांवर वर्षानुवर्षे गोऱ्या स्त्रीचाच चेहरा होता. तिच्या कातडीचा रंग ‘बरोबर’ आला की यंत्र बरोबर. काळ्या-सावळ्या रंगांचे बारकावे फिल्ममध्ये सुधारले गेले ते बऱ्याच उशिरा, आणि त्याला चॉकलेट व लाकडी सामान यांचे फोटो नीट येत नाहीत या व्यापाऱ्यांच्या तक्रारीही कारण झाल्याचे अभ्यासकांनी नोंदवले आहे. म्हणजे वाळवा तालुक्यातील सावळ्या मुलीचा चेहरा रंगीत रोलवर काळवंडून, तपशील हरवून येत असेल, तर हात न लावलेला फोटोही तिच्यावर अन्यायच करत होता. टचिंग न करणे म्हणजे प्रामाणिकपणा, असे मग म्हणता येत नाही.

शिवाय लोक स्टुडिओत सत्य मागायला जातात का, हाही प्रश्नच आहे. ख्रिस्तोफर पिनी यांनी ‘कॅमेरा इंडिका’ (१९९७) या पुस्तकात मध्य प्रदेशातील नागदा या कारखानदारीच्या गावातील स्टुडिओंचा अभ्यास केला आहे. तेथील गिऱ्हाईक आपल्या अंतरंगाचा ठाव घेणारे चित्र मागत नाही, रोजच्या जगण्यात नसलेले रूप मागते, असे त्यांचे निरीक्षण आहे. आपल्याकडेही रंगवलेल्या बागेसमोर, कधी न चालवलेल्या मोटारसायकलवर बसून फोटो काढणारा तरुण कोणाला फसवत नव्हता. तो फोटो पाहणाऱ्या सर्वांना ती मोटारसायकल स्टुडिओची आहे हे ठाऊक असे. नाटकातल्या राजाला आपण खोटारडा म्हणत नाही, तसेच हे.

मग टचिंगमध्ये चुकते ते नेमके कोठे? याचा उलगडा मुलीच्या फोटोशेजारी मेलेल्या माणसाचा फोटो ठेवल्यावर होतो.

पूर्वी कित्येक घरांत म्हाताऱ्या माणसाचा स्वतंत्र फोटो नसे. माणूस गेल्यावर शोधाशोध व्हायची आणि कोणाच्या तरी लग्नातील समूहचित्रात तिसऱ्या रांगेत उभी असलेली आजी सापडायची. नखाएवढा तो चेहरा छायाचित्रकाराने मोठा करायचा, शेजारच्यांना पुसायचे, अंधुक झालेले डोळे ब्रशने रेखायचे. कधी प्रेताचाच फोटो काढला जाई आणि मिटलेले डोळे नंतर उघडे रंगवले जात. तपशिलाच्या दृष्टीने पाहिले तर हा मुलीच्या फोटोपेक्षा कितीतरी मोठा ‘खोटेपणा’ आहे. तरीही आपल्या नैतिक जाणिवेला तो खटकत नाही. उलट ज्याच्या हातून आजीचा चेहरा ‘आला’ त्या छायाचित्रकाराविषयी घरात पिढ्यानपिढ्या कृतज्ञता असते. हात तोच, पेन्सिल तीच, निगेटिव्ह उलटीच. कृती एकच असून नैतिक मूल्य वेगळे का पडावे?

माझे उत्तर असे आहे : चित्र आणि माणूस यांत पडलेला फरक पुढे कोणाला तरी फेडावा लागतो, आणि तो कोणाला फेडावा लागतो यावर त्या कृतीची नीती ठरते. भिंतीवरच्या आजीला आता कोणासमोर जाऊन उभे राहायचे नाही. तिचे डोळे थोडे मोठे आले म्हणून तिला कोणी नाकारणार नाही. मुलीला मात्र फोटोच्या मागोमाग स्वतः जावे लागते. कांदेपोह्यांचा ताट घेऊन ती खोलीत येते तेव्हा पाहुण्यांच्या हातात नसला तरी डोळ्यांत तो फोटो असतो, आणि ती आपल्याच फोटोपेक्षा कमी ठरते. बापाने मागितलेला आणि छायाचित्रकाराने दिलेला उजळपणा तिने आपल्या चेहऱ्याने परत करायचा असतो. व्यवहारातील भाषेत सांगायचे तर कर्ज एकाने काढले, दलाली दुसऱ्याने घेतली आणि हप्ते तिसरीने भरले. सहकारी पतसंस्थांच्या मुलखात हे रूपक समजावून सांगण्याची गरज पडू नये.

यावर कोणी म्हणेल, मुलगी स्वतःच उजळ फोटो मागत असेल तर? आता तर पैसेही तिचेच असतात. मग देणारा आणि दिसणारा एक झाले, पेच मिटला. मला तसे वाटत नाही. तालुक्याच्या गावातील छायाचित्रकार एका मुलीचा फोटो काढत नाही, गावातील सगळ्या मुलींचे फोटो काढतो. सगळ्याच एकेक पायरी वर चढल्या की उतरंड तशीच राहते आणि फक्त तळ वर सरकतो. पाहणारे मनातल्या मनात सूट धरू लागतात. मग जिने टचिंग करून घेतले नाही तिच्या फोटोतूनही ती सूट वजा होते. म्हणजे फरक येथेही फेडला जातोच, फक्त फेडणारी दुसरी असते, फोटो काढायच्या वेळी खोलीत नसलेली. छायाचित्रकाराची जबाबदारी एका सौद्यापुरती मोजता येत नाही ती यामुळे. अर्थात, उतरंड त्याने निर्माण केलेली नाही आणि ती मोडण्याचे काम एकट्या त्याच्यावर टाकणे हा शहाजोगपणा होईल. पण ‘मी फक्त सांगितले तसे केले’ हे वाक्यही त्याला पुरेसे नाही.

मेलेल्यांच्या फोटोंतही सगळे निष्पाप असते असे नाही. आजीला समूहचित्रातून वेगळी काढताना तिच्या खांद्यावरचा कोणाचा तरी हात पुसला जातो. तो हात ज्या जावेचा किंवा मैत्रिणीचा होता, तिचा दुसरा फोटो कोठे नसेलही. मुंडासे बांधणाऱ्या आजोबांच्या धडावर दुसऱ्याच निगेटिव्हमधला कोट चढवला जातो, कारण नातू साहेब झालेला असतो. अशा वेळी फरक फेडतात ती पुढची नातवंडे, ज्यांना आपला आजोबा कोटातला माणूस वाटतो. ही किंमत मुलीच्या किमतीएवढी जड नाही, पण ती आहे.

ओळखपत्राचा फोटो या विवेचनाला उलटीकडून पारखतो. १९९३ पासून मतदारांना छायाचित्र असलेली ओळखपत्रे देण्यास सुरुवात झाली, आणि पुढे शिधापत्रिकेपासून आधारपर्यंत राज्यसंस्थेला प्रत्येकाचा चेहरा हवासा झाला. येथे सुशोभन चालत नाही. चेहरा जुळला पाहिजे. न जुळल्यास फरक फेडणारा कोण, हे खिडकीसमोर तासभर उभ्या असलेल्या म्हाताऱ्याला विचारावे. खरेपणा हेच मूल्य मानले तर ओळखपत्राचा फोटो सर्वांत नैतिक ठरायला हवा होता. पण १९७० साली पोलरॉइड कंपनीतील काही कृष्णवर्णीय कामगारांना असे आढळले की, आपण बनवत असलेली यंत्रणा दक्षिण आफ्रिकेत काळ्या लोकांवर सक्तीने लादलेल्या पासबुकांतील फोटोंसाठी वापरली जाते. ते फोटो अगदी खरे होते, आणि म्हणूनच ते माणसाला अडवण्याच्या कामी येत. कामगारांनी चळवळ उभारली आणि १९७७ साली कंपनीने तेथील विक्री थांबवली. खऱ्या फोटोचेही हप्ते चित्रातल्या माणसालाच भरावे लागतात. हा मुद्दा सातारा-सांगलीच्या वाचकाला परका वाटू नये. १९४२ ते ४६ या काळात याच वाळवा तालुक्यात, क्रांतिसिंह नाना पाटलांच्या मुलखात, भूमिगतांना आपला हुबेहूब फोटो पोलिसांच्या हाती नसणे हेच सोयीचे होते.

आता साहित्याकडे वळतो. अलौकिकतावादी भूमिकेचे बळ असे की, ती कलाकृतीला व्यवहारातील देण्याघेण्यातून सोडवते. पण सोडवते कोणाला? मालीमधील बामाको येथे सेदू केइता या छायाचित्रकाराने १९४८ ते १९६२ या काळात स्टुडिओ चालवून गिऱ्हाइकांचे हजारो फोटो काढले. १९९१ साली न्यूयॉर्कच्या एका प्रदर्शनात त्यांतील काही ‘अनाम’ छायाचित्रकाराचे म्हणून लागले. १९९४ साली पॅरिसला त्यांचे स्वतंत्र प्रदर्शन झाले आणि ते जगन्मान्य कलावंत ठरले. हे योग्यच झाले. पण ज्या क्षणी छायाचित्रकाराचे नाव परत मिळाले त्या क्षणी फोटोतील माणसे कायमची ‘नमुना’ झाली. घराच्या भिंतीवर ती कोणाची तरी मावशी, कोणाचा तरी थोरला भाऊ होती. दालनात ती घाटाचा आणि वस्त्राच्या नक्षीचा भाग झाली. रोलाँ बार्थने १९८० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या छायाचित्रणविषयक पुस्तकात आईच्या बालपणीच्या एका फोटोवर पानेच्या पाने लिहिली, पुस्तकात इतर अनेक फोटो छापले, तो मात्र छापला नाही. समीक्षकाने चित्रातल्या माणसाची बाजू घेतल्याचे इतके स्वच्छ उदाहरण मला दुसरे ठाऊक नाही.

आपल्याकडे दया पवारांचे ‘बलुतं’ (१९७८) आले तेव्हा लेखकाच्या स्वतःच्या समाजातूनही नाराजीचा सूर उमटला होता. समीक्षेने त्याकडे बहुधा संकोचाची, न्यूनगंडाची प्रतिक्रिया म्हणून पाहिले. त्यात तथ्य असेल. पण त्या नाराजीत असाही एक प्रश्न होता : लिहिणारा तू, वाचणारे ते, आणि चित्रात आम्ही, उद्या कचेरीत, शाळेत, शेजारात याचे हप्ते कोण भरणार? आत्मकथनांची समीक्षा करताना आपण सच्चेपणाचा निकष वापरत आलो. फोटोच्या संदर्भात जे दिसले ते खरे असेल तर सच्चेपणा हा अपुरा निकष आहे. ‘बलुतं’ लिहिले जायलाच हवे होते, याविषयी माझ्या मनात शंका नाही. तेथे लेखकाने स्वतःलाही त्याच चित्रात, त्याच प्रकाशात बसवले आहे, आणि फरकाचा मोठा वाटा स्वतः फेडला आहे. सर्वच आत्मकथनांविषयी असे म्हणता येणार नाही.

तालुक्याच्या गावातील स्टुडिओ आता बदलले आहेत. फोनमधला कॅमेरा न विचारता कातडी गुळगुळीत करतो. चौकातील वाढदिवसाच्या फ्लेक्सवर सगळेच चेहरे एका रंगाचे असतात. बाप नको, छायाचित्रकार नको, मागणीही नको. उजळपणा आधीच भरून ठेवलेला. पूर्वी निदान एक माणूस असा होता की, ज्याला ‘नाही’ म्हणणे शक्य होते. तो क्वचितच म्हणत असेल, पण आपण काय करतो आहोत हे त्याच्या बोटांना ठाऊक असे.

जुने स्टुडिओ बंद होतात तेव्हा निगेटिव्हचे डबे भंगारात जातात, काही ठिकाणी त्यांतील चांदीसाठी. कायद्याने चित्राचा हक्क गिऱ्हाइकाचा, वस्तू छायाचित्रकाराची, आणि चित्रातील मुली आता आज्या झालेल्या. अशी एखादी निगेटिव्ह उजेडासमोर थोडी तिरपी धरली तर गालांवर, कपाळावर, डोळ्यांखाली पेन्सिलीच्या बारीक आडव्या-उभ्या रेघा दिसतात. छापलेल्या फोटोत त्या दिसत नाहीत.